एस255 आयआर निर्स-3 : वीस सूर्यांएवढ्या ताऱ्याने 2015 च्या मृगात काय गिळलं

2015 च्या नोव्हेंबरमध्ये जपानमधल्या यामागुचीच्या 32 मीटर रेडिओ डिशवरून फुजिसावा आणि त्यांच्या टीमने जगभरच्या खगोलवाल्यांना एक छोटीशी सूचना पाठवली, की एस255 नावाच्या भागातला मिथेनॉल मेसर एकदम भडकलाय. बास, एवढंच. फोटो नाही, बातमी नाही, पेपरात काही नाही. पण ज्यांना मेसर म्हणजे काय ते माहितीये ते लोक त्या दिवशी खुर्चीत सरळ बसले असणार, कारण हा मेसर असा सहजासहजी भडकणाऱ्यातला नाही.

मेसर म्हणजे मायक्रोवेव्हमधला लेसर, फक्त हा कुणी बनवलेला नसतो, आकाशात आपोआप तयार होतो. मिथेनॉलच्या रेणूंना आसपासच्या गरम धुळीकडून इन्फ्रारेडचा मारा बसतो, त्यातून ते एका विशिष्ट फ्रीक्वेन्सीवर, 6.7 गिगाहर्ट्झवर, जोरात बोलायला लागतात. 1991 मध्ये कार्ल मेंटेन यांनी ही रेषा शोधली आणि पुढच्या वर्षांत एक गोष्ट पक्की होत गेली, ती म्हणजे हा मेसर फक्त जन्माला येत असलेल्या मोठ्या ताऱ्यांजवळच सापडतो. सूर्यासारख्या साध्या ताऱ्याच्या पाळण्याजवळ नाही. त्यामुळे हा मेसर भडकला याचा सरळ अर्थ, तिथल्या एखाद्या मोठ्या ताऱ्याच्या आसपासची धूळ अचानक जास्त गरम झाली. का झाली, तेच हे प्रकरण.

आता आम्ही कोण आणि आमचा यात काय संबंध. साताऱ्यातल्या एका कॉलेजचा फिजिक्स डिपार्टमेंट, शनिवारी दुपारनंतर लॅब रिकामी असते तेव्हा चारपाच पोरं, एकदोन शिक्षक आणि कधी कधी चहा घेऊन आले की तिथेच टेकणारे लॅबचे मामा. आम्ही काही रिसर्च ग्रुप नाही. वर्षाला एकच प्रकरण घ्यायचं, त्याचे पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे, जिथे आकडा दिसेल तिथे तो स्वतः फळ्यावर काढून बघायचा, आणि एमएस्सीच्या एखाद्याला त्यातून प्रोजेक्ट मिळाला तर उत्तम. डॉब्सोनियन टेलिस्कोप आहे एक, यवतेश्वरच्या वर कासच्या बाजूला नेला की हिवाळ्यात आकाश अजूनही बरं मिळतं (दक्षिणेकडे चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांचे लाल दिवे लुकलुकत असतात ते सोडून द्या). पण या प्रकरणात त्याचा काडीचा उपयोग नाही. हा तारा धुळीत एवढा पुरलाय की साध्या प्रकाशात तो कुठल्याच टेलिस्कोपला दिसत नाही. मृगाच्या उत्तरेच्या टोकाला, मिथुनाच्या हद्दीला लागून एस255 आणि एस257 असे दोन चमकते वायूचे गोळे आहेत, त्या दोघांच्या मधल्या काळ्या पट्ट्यात हा बसलाय, साधारण 5,800 प्रकाशवर्षांवर. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचे देवेंद्र ओझा आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये या भागातल्या ताऱ्यांच्या जन्मावर पेपर लिहिलाय, म्हणजे आपल्याकडच्या लोकांना ही जागा भडकायच्या आधीपासून ओळखीची होती. ताऱ्याचं नाव निर्स-3, वजन अंदाजे 20 सूर्यांएवढं.

आधी अडचण काय होती ते सांगतो, नाहीतर एवढा गाजावाजा कशाचा ते कळणार नाही.

सूर्यासारखा तारा तयार होतो तेव्हा काम टप्प्याटप्प्याने होतं, आधी माल गोळा होतो, मग गोळा आकसत आकसत तापतो आणि सगळं जमल्यावर मध्यभागी हायड्रोजन जळायला लागतो, याला कोट्यवधी वर्षं लागतात. मोठ्या ताऱ्याला एवढी फुरसत नसते. तो इतक्या लवकर तापतो की बाहेरून माल अजून पडतोय आणि आत भट्टी पेटलेली, असा प्रकार होतो. आणि ही भट्टी साधी नाही, हजारो सूर्यांएवढा प्रकाश टाकणारी. हा प्रकाश धुळीच्या कणांना बाहेर ढकलतो, धूळ वायूला घेऊन जाते, म्हणजे ताऱ्याचा स्वतःचाच उजेड त्याच्या तोंडचा घास पळवतो. 1970 च्या दशकात ज्यांनी हे गणित केलं त्यांना उत्तर असं येत होतं की माल चहूबाजूंनी सारखा पडत असेल तर एका मर्यादेपुढे तारा वाढूच शकत नाही. आणि आकाशात बघावं तर त्या मर्यादेपलीकडचे तारे मजेत बसलेत. म्हणजे गणितात काहीतरी धरलं होतं जे निसर्ग धरत नाही.

ते होतं 'चहूबाजूंनी सारखा'. माल गोल पडत नाही, चकतीतून येतो, आणि उजेड चकतीच्या वरच्या-खालच्या मोकळ्या वाटेने निघून जातो. आमच्यात कराडकडची एक मुलगी आहे, एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, घरचं गुऱ्हाळ आहे. हा मुद्दा चालू असताना ती म्हणाली, "सर, हे आमच्या चुलवाणासारखं झालं की. चुलव्या खालच्या तोंडातून चिपाडं ढकलत असतो, जाळ काहिलीखालून फिरून मागच्या धुरांड्यातून जातो, म्हणून तर त्याला एवढ्या जाळापुढे बसता येतं. धुरांडं तुंबलं ना की सगळा भपकारा तोंडाकडून उलटा येतो, मग कोण चिपाड घालतंय." मी एवढंच जोडलं की आकाशातल्या चुलवाणाला धुरांडी दोन असतात, वर एक आणि खाली एक. बाकी तिचं उदाहरण जसंच्या तसं चालतं, मी पुढच्या बॅचला हेच सांगणार आहे.

तर चकतीचं गणित कॉम्प्युटरवर 2000 नंतर चांगलं जमायला लागलं. पण कॉम्प्युटरवर जमणं वेगळं आणि एखादा 20 सूर्यांचा तारा खरोखर चकतीतून खाताना रंगेहाथ पकडणं वेगळं. हे तारे दूर असतात, धुळीत असतात, थोडे असतात आणि त्यांचं बालपण चटकन संपतं. लहान ताऱ्यांचं खाताना पकडलेलं उदाहरण जुनं आहे, एफयू ओरायनिस नावाचा तारा 1936 मध्ये असाच उजळला आणि नंतर त्या जातीचे कितीतरी सापडले. मोठ्यांमध्ये मात्र असा एकही झटका नीट पकडला गेला नव्हता.

आता 2015. जपानवरून सूचना आल्यावर जर्मनीतले श्टेकलुम आणि त्यांचे सहकारी यांनी स्पेनच्या कालार आल्तो वेधशाळेतून इन्फ्रारेडमध्ये बघितलं आणि जुन्या फोटोंशी ताडून पाहिलं. के बँडमध्ये तारा सुमारे अडीच मॅग्निट्यूडने (हे ताऱ्याचं तेज मोजायचं माप) उजळलेला, एच बँडमध्ये साडेतीन. के आणि एच हे इन्फ्रारेडचे दोन पट्टे, एचची तरंगलांबी छोटी. मॅग्निट्यूडचा हिशोब उलटा आणि गुणाकारातला असतो म्हणून साध्या भाषेत सांगायचं तर एकात दहापट आणि दुसऱ्यात पंचवीसपट.

इथे आमच्या पोरांपैकी एकाने बरोब्बर बोट ठेवलं. म्हणाला, सर, तारा खरंच उजळला कशावरून, समोरची धूळ बाजूला झाली असेल तर? आणि हा प्रश्न फालतू नाही. धूळ छोट्या तरंगलांबीचा प्रकाश जास्त अडवते, म्हणजे ती सरकली तर एच बँड जास्त वाढणार आणि के कमी, आणि इथे नेमकं तसंच दिसतंय. नुसत्या या दोन आकड्यांवर मी तरी निकाल दिला नसता. पडदा सरकला की दिवा मोठा झाला, हे खिडकीबाहेर उभं राहून कळत नाही.

निकाल लागला तो तीन वेगवेगळ्या बाजूंनी, आणि मला या प्रकरणात सगळ्यात आवडलेला भाग हाच.

पहिली बाजू मेसरच. समोरची धूळ फक्त आपल्या नजरेच्या रेषेत असते, मेसरवाले मिथेनॉलचे ढग ताऱ्याच्या आजूबाजूला पसरलेले असतात, त्यांना आपल्या रेषेत काय सरकलं याच्याशी देणंघेणं नाही. ते भडकले म्हणजे त्यांनी स्वतः जास्त उष्णता खाल्ली. इतकंच नाही, नंतर बारकाईने नकाशा काढला तेव्हा दिसलं की आधी जिथे मेसर जोरात होता ती जागा विझली होती आणि नवीन जागा बाहेरच्या बाजूला पेटल्या होत्या, ताऱ्यापासून पाचशे ते हजार एयूवर, एयू म्हणजे पृथ्वी ते सूर्य एवढं अंतर. आतलं जास्तच तापलं म्हणून मेसर तिथे टिकला नाही आणि बाहेरचं आत्ता कुठे पुरेसं तापलं, असा त्याचा अर्थ लावतात.

दुसरी बाजू लांबच्या इन्फ्रारेडची. धूळ प्रकाश गिळते पण ऊर्जा गायब करत नाही, ती तापते आणि तीच ऊर्जा लांब तरंगलांबीत परत टाकते, त्यामुळे तिथे मोजलं तर पडदा असो वा नसो, एकूण किती ऊर्जा निघतेय ते कळतं. अडचण अशी की जमिनीवरून हे मोजता येत नाही, हवेतलं पाणी आड येतं. त्यासाठी तेव्हा सोफिया होती, बोइंग 747 विमानाच्या पाठीला दार कापून आत अडीच मीटरचा टेलिस्कोप बसवलेला, 2022 मध्ये बंद केली, हळहळ वाटते. तर सोफियाचे आकडे घालून काराती ओ गाराती आणि सहकाऱ्यांनी हिशोब केला, एकूण तेज 29 हजार सूर्यांवरून 1 लाख 60 हजार सूर्यांवर गेलेलं. साडेपाचपट. पडदा सरकून हे होत नाही, दिवाच मोठा झाला.

तिसरी बाजू स्पेक्ट्रमची. हायड्रोजन, सोडियम, कार्बन मोनॉक्साइड यांच्या उजळ रेषा, ज्या लहान तारे माल गिळताना दाखवतात, त्याच इथे दिसल्या, फक्त कितीतरी पट जोरात. लहान आणि मोठ्या ताऱ्याची खाण्याची पद्धत एकच असावी असा यातून अंदाज निघतो. काराती ओ गाराती यांचा हा पेपर 2017 मध्ये नेचर फिजिक्स या नियतकालिकात आला.

मृगाचा मुद्दा

भडका कधी सुरू झाला हे कसं काढलं ते फार भारी आहे. ताऱ्यातून वर-खाली निघणाऱ्या वाऱ्याने धुळीत पोकळ्या कोरलेल्या असतात, त्यांच्या भिंतींवरून भडक्याचा उजेड परावर्तित होत होत बाहेर सरकत जातो, म्हणजे प्रतिध्वनीच, फक्त आवाजाऐवजी उजेडाचा. काही काळाच्या अंतराने घेतलेल्या फोटोंत हा उजेड कुठपर्यंत पोचला ते मोजायचं, वेग तर प्रकाशाचाच, मग घड्याळ उलटं फिरवायचं. उत्तर आलं जून 2015 चा मध्य.

हे वाचल्यावर मी कॅलेंडर काढलं. जूनचा मध्य म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात, आपल्याकडे पेरणीची गडबड, सगळ्यांचं लक्ष ढगांकडे. आणि हा तारा आकाशात कुठे, तर मृगाच्याच उत्तर टोकाला. सूर्यापासून दहाएक अंशांवर! म्हणजे ज्या दिवसांत भडका सुरू झाला त्या दिवसांत जमिनीवरच्या कुठल्याही इन्फ्रारेड टेलिस्कोपला तिकडे बघायची सोयच नव्हती, सूर्य आडवा. ऑगस्टमध्ये पहाटे तो पूर्वेला बाहेर यायला लागला असणार आणि तोपर्यंत भडका दोन महिन्यांचा झालेला. सुरुवात कुणी का नाही पाहिली याचं उत्तर आपल्या पंचांगात पडलंय, पेपर न वाचताही मृग कधी लागतो हे माहिती असलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला ते काढता आलं असतं. (अर्थात प्रत्यक्ष घटना 5,800 वर्षांपूर्वीची, आपल्याकडे बातमी 2015 च्या मृगात पोचली एवढंच. हे मी दरवेळी सांगतो आणि दरवेळी कुणीतरी "म्हणजे आत्ता तो आहे का नाही सर" असं विचारतंच. आहे. 20 सूर्यांचा ताराही जवळपास कोटभर वर्षं जगतो, त्यापुढे पाच-सहा हजार वर्षं म्हणजे काहीच नाही.)

फळ्यावरचा हिशोब

पेपरात लिहिलंय की या भडक्यात एकूण 1.2 गुणिले 10 चा 39 वा घात ज्यूल एवढी ऊर्जा निघाली आणि ताऱ्याने साधारण दोन गुरूंएवढा माल गिळला, गुरू म्हणजे ग्रह. आमचा नियम असा की हे दोन आकडे एकमेकांशी जुळतात का ते स्वतः बघायचं. कराडच्याच मुलीला खडू दिला.

उंचावरून वस्तू पडली की ऊर्जा सुटते, अकरावीचं फिजिक्स. जी गुणिले मोठं वस्तुमान गुणिले छोटं वस्तुमान भागिले त्रिज्या. मोठं वस्तुमान 20 सूर्य, म्हणजे 4 गुणिले 10 चा 31 वा घात किलो. छोटं दोन गुरू, 3.8 गुणिले 10 चा 27 वा घात. त्रिज्या तिने सूर्याच्या दहापट धरली, 7 गुणिले 10 चा 9 वा घात मीटर. गुणाकार-भागाकार करून आलं 1.4 गुणिले 10 चा 39 वा घात ज्यूल. पेपरातलं 1.2. ती दोन पावलं मागे सरकून फळ्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "सर, एवढंच?" एवढंच. त्रिज्या आपण अंदाजे धरली त्यामुळे दशांशाला अर्थ नाही, पण घात जुळला म्हणजे गोष्ट आतून सुसंगत आहे. हायड्रोजन जळणं वगैरे काही आणावं लागत नाही, माल नुसता पडला तरी एवढा उजेड होतो. मग मामांना समजेल असं करायचं म्हणून पुढचा भागाकार केला, सूर्य वर्षाला जेवढी ऊर्जा टाकतो त्याने भागलं, तर उत्तर जवळजवळ एक लाख. सूर्याची लाख वर्षांची कमाई याने एका झटक्यात उधळली. मामा म्हणाले, "मग लाइटबिल कोण भरतंय?"

प्रोजेक्टवरून झालेली रस्सीखेच

इथपर्यंत सगळं गोड चाललं होतं. अडलं ते प्रोजेक्टच्या वेळी. कराडच्या मुलीला स्वतःचा लाइट कर्व्ह, म्हणजे ताऱ्याचं तेज काळाबरोबर कसं बदललं त्याचा आलेख, हवा होता, आणि नासाच्या निओवाइज उपग्रहाचा डेटा फुकट मिळतो, 2013 च्या शेवटापासून 2024 पर्यंतचा, घरबसल्या टेबल उतरवता येतं. तिने ते उतरवलंही, रात्री उशिरा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. माझा विरोध होता आणि तो मी शेवटपर्यंत सोडला नाही.

कारणं तिला अशी सांगितली. निओवाइज आकाशाचा एक ठिपका साधारण सहा महिन्यांनी एकदा बघतो आणि तोही सूर्यापासून काटकोनात असताना, म्हणजे या ताऱ्याची पाळी येते मार्चच्या शेवटी आणि सप्टेंबरच्या शेवटी. जूनचा भडका दोन पाळ्यांच्या बरोब्बर मधे पडतो. वर कशी चढण झाली हे तिथे मिळणारच नाही, फार तर आधी आणि नंतर. दुसरं, निओवाइजची नजर सहा आर्कसेकंदांची (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग), आणि निर्स-3 च्या शेजारी निर्स-1 हा दुसरा तरुण तारा अडीच आर्कसेकंदांच्या आतच बसलाय. उपग्रहाला दोघं एकच दिसतात. आणि तिसरं, पहिल्या बँडमध्ये आठव्या मॅग्निट्यूडपेक्षा तेजस्वी काही आलं की डिटेक्टर सॅच्युरेट व्हायला लागतो, म्हणजे त्याची मोजायची ताकद संपते, त्या टेबलात सॅच्युरेशनचा वेगळा कॉलमच असतो. ठिपके काढले की आलेख सुंदर दिसणार आणि त्याचा अर्थ काय हे कुणालाच सांगता येणार नाही. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या माणसाने एकच प्रश्न विचारला की संपलं.

ती दोन आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. तिचं म्हणणं असं की तुमचा फळ्यावरचा हिशोब कुणीही करेल, त्यात माझं काय. चूक नव्हतं तिचं. गावाकडून रोज एसटीने येऊन-जाऊन करणाऱ्या मुलीला आपल्या नावावर एक तरी आलेख हवा असतो, दुसऱ्याच्या पेपरातले आकडे तपासणं हा काय प्रोजेक्ट झाला. पण डेटा फुकट आहे म्हणून आपला होत नाही, तो कुठल्या कामासाठी घेतला होता आणि कुठे त्याची ताकद संपते हे आधी बघावं लागतं.

तोडगा तिनेच काढला. निओवाइज पूर्ण बाजूला न टाकता एक प्रकरण त्याच्या मर्यादांवर लिहायचं, म्हणजे हा डेटा कुठल्या तेजाच्या, किती एकट्या आणि किती हळू बदलणाऱ्या ताऱ्यांना चालेल आणि निर्स-3 ला का नाही. आणि मुख्य प्रकरण हिशोबाचं, पण एक पाऊल पुढे नेलेलं. ते पाऊल हे.

साडेदहा हजार घास

एक सूर्य म्हणजे साधारण 1,047 गुरू. 20 सूर्य म्हणजे जवळपास 21 हजार गुरू. एका भडक्यात दोन गुरू गिळले तर हा तारा फक्त अशा भडक्यांतून वाढायला साडेदहा हजार भडके लागतील. मोठा तारा जमायला ढोबळ मानाने लाखभर वर्षं लागतात असं धरतात, म्हणजे सरासरी दर दहा वर्षांनी एक भडका. आता हे पटतं का? मला नाही पटत. मिथेनॉल मेसर 1991 पासून माहितीये, असे मेसरवाले शेकडो मोठे तारे आकाशगंगेत नोंदलेले आहेत, प्रत्येकजण दहा वर्षांनी असा पेटत असता तर 2015 पर्यंत वाट बघायला लागली नसती. म्हणजे एकतर बराचसा माल गुपचूप, बारीक धारेने आत जातो आणि भडके वरखर्चाचे, नाहीतर याहून कितीतरी मोठे घास असतात जे आपण अजून पकडलेले नाहीत. ती दुसऱ्या बाजूची आहे. तिचं म्हणणं, कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये चकती स्वतःच्या वजनाने तुटते, त्यातले गोळे आत घसरतात आणि गोळा जेवढा मोठा तेवढा भडका मोठा, मग दोन गुरूंचा गोळा हा लहानातला का नसेल? यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि एका ताऱ्यावरून ते निघणारही नाही.

घास पोटात गेल्यावर काय होतं तेही या प्रकरणात दिसलं, हे मात्र नशीब. चेझारोनी आणि सहकारी अमेरिकेतल्या व्हीएलए रेडिओ दुर्बिणीने याच ताऱ्यावर लक्ष ठेवून होते. बरेच महिने काहीच नाही, आणि मग जुलै 2016 पासून रेडिओतला उजेड झपाट्याने चढायला लागला, भडक्यानंतर साधारण 13 महिन्यांनी. ताऱ्यातून निघणारी धार, जेट, जाड झाली होती. जे खाल्लं त्यातलं काही वर्षभराने दोन्ही टोकांनी बाहेर फेकलं. खाणं आणि फेकणं यांचा संबंध सगळे मानतच होते, पण मोठ्या ताऱ्यात दोन्हीच्या तारखा लावून तो दाखवता आला.

एकच उदाहरण असतं तर योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं. पण त्याच 2015 मध्ये वृश्चिकातल्या एनजीसी 6334 आय या भागात दुसरा मोठा तारा पेटला, तो दक्षिण आफ्रिकेतल्या हार्टेबीसथोकच्या 26 मीटर डिशवाल्यांनी मेसरवरूनच धरला. मग मेसरवर नजर ठेवणाऱ्यांनी जगभर जाळं बांधलं आणि जानेवारी 2019 मध्ये जी358 नावाचा तारा सुरुवातीलाच हाती लागला, त्यात तर मेसरचं कडं प्रकाशाच्या 4 ते 8 टक्के वेगाने बाहेर सरकताना दिसलं. वायू एवढ्या वेगाने पळत नाही, पळत होती ती उष्णता, धुळीतून झिरपत.

जीएमआरटीने, म्हणजे आपल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीने, हे का नाही पकडलं, हा प्रश्न आमच्याकडे दरवेळी येतो, कारण खोडदला 28 फेब्रुवारीच्या आसपास जाऊन ते 45 मीटरचे तीस अँटेना बघून आलेली पोरं इथे बरीच आहेत. साधं कारण आहे, आपला जीएमआरटी 1450 मेगाहर्ट्झच्या वर ऐकत नाही, तो कमी फ्रीक्वेन्सीसाठीच बांधलाय. मिथेनॉल बोलतो 6,668 वर. पण जेटमधून आणि तापलेल्या वायूतून येणारा रेडिओ उजेड खालपर्यंत पसरलेला असतो, तिथे जीएमआरटी कामाचा आहे, आणि त्याचा जुना डेटाही ठराविक मुदतीनंतर सगळ्यांना खुला होतो.

तिने प्रोजेक्ट जमा केला. व्हायव्हाला निओवाइजबद्दल विचारलंच, सॅच्युरेशनबद्दलच, आणि तिने त्या कॉलमचं नाव सांगून उत्तर दिलं. साडेदहा हजारांवर बाहेरचे सर तिच्या बाजूने गेले, मी अजून माझ्या बाजूला आहे. पुढच्या वर्षी जी358 घेतोय, त्यात खाल्लेल्या मालाचा अंदाज वेगळ्या पद्धतीने काढलाय, तो आधी फळ्यावर जुळतोय का बघू. गुऱ्हाळ सुरू झाल्यावर सगळ्यांना गावी बोलावलंय तिने, मामांनी आत्तापासून तारीख विचारायला सुरुवात केलीये.